पडायची जागा

लॉरी थांबली तेव्हा तिघं जमिनीवर होते. माझा नवरा लॉरीच्या खाली, पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, डोकं सासूबाईंच्या रांगोळीत. आमच्या वरच्या खोलीतले भाडेकरू फुटलेल्या गटाराच्या कडेला, एक पाय लॉरीचं लोखंड आणि आमच्या दारातला दगडी कट्टा यांच्यामध्ये. आणि ड्रायव्हर. तो उडी मारून उतरला, त्यानं वाकून लॉरीखाली पाहिलं आणि तिथंच भोवळ येऊन आडवा झाला.

नवऱ्याचे केस पांढरे दिसत होते. सगळी रांगोळीची पूड. तो हलत नव्हता. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात रांगोळीची वाटी.

ही गोष्ट सांगायची तर लॉरीपासून सांगून उपयोग नाही. लॉरी कुणाच्याही दारात येते. वरच्यांसारखा माणूस येत नाही. म्हणून आधी त्यांचं सांगते.

त्यांना आम्ही वरचे म्हणायचो. ते माडीवरच्या खोलीत राहायचे म्हणून, दुसरं काही नाही. बेळगावकडचे. बेळगाव नव्यानं आमच्या राज्याला जोडलं गेलं तेव्हा तिकडची बरीच नोकरदार माणसं बदली होऊन बेंगळुरात आली, त्यांतले हे एक. शहराचे रस्ते आखायच्या कचेरीत नकाशे काढायचे. एकटे होते. बायको होती की नव्हती, असून गेली होती, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मराठी बोलायचे म्हणून सासऱ्यांनी खोली दिली. आमचं घर पेठेत पिढ्यान् पिढ्या राहिलेलं, आमचं मराठी निम्मं कानडी झालेलं. त्यांचं मराठी वेगळं. ‘पण’ म्हणायचं तिथं ते ‘खरं’ म्हणायचे. ‘जेवायला येतो, खरं उशीर होईल.’ सासूबाईंना सुरुवातीला वाटायचं, हा माणूस प्रत्येक गोष्टीत खऱ्याची शपथ का घेतो.

त्यांची पहिली खोड आम्हाला स्वयंपाकघरात कळली. कुठंही काठाला ठेवलेलं भांडं दिसलं की ते हातानं आत सरकवायचे. कॉफीचा पेला असो, चुलीवरची कढई असो, दुसऱ्याच्या घरातला पानाचा डबा असो. बोलता बोलता हात जायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाचा पाण्याचा पेला त्यांनी आत सरकवला आणि तो माणूस भांडायला उठला, अशी गोष्ट माझा नवरा सांगायचा. सासूबाई एकदा म्हणाल्या, “अण्णा, माझ्या घरात पेले पडत नाहीत.”

“पडत नाहीत, खरं पडणार की कधीतरी,” ते म्हणाले. “तुम्ही चुकणार, मी चुकणार. चुकल्यावर पेला जमिनीवर जायला नको, एवढंच बघायचं.”

सासूबाईंनी तो पेला पुन्हा काठाला ठेवला. मुद्दाम.

दुसरी खोड बांबूची. त्यांच्याकडे एक बांबू होता, माणूस सायकलवर बसला की एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत जेवढी रुंदी होते तेवढा आणि वर थोडा. तो छातीपुढं आडवा धरून ते बाजारातून चालायचे. गर्दीच्या वेळीच. मिरच्यांच्या पोत्यांना अडकला की थांबायचे, टांग्याच्या दांडीला अडकला की थांबायचे, बाईमाणसाला लागेल असं वाटलं की उभा धरायचे आणि पुढं गेल्यावर पुन्हा आडवा. लोक शिव्या द्यायचे. हमाल म्हणायचे, या वेड्याला कुणीतरी घरी पोचवा. ते शिव्या देणाऱ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, बांबू कुठं अडकला तेवढंच बघायचे. सायकलची रुंदी म्हणजे चाकाची रुंदी असं कचेरीत सगळे धरून चालतात, असं त्यांचं म्हणणं. चाक कुठूनही जातं. कोपरं जात नाहीत.

गंमत ही की त्यांना स्वतःला सायकल येत नव्हती.

त्या काळात सायकल म्हणजे सगळं होतं. कारखान्यांत जाणारे, दूधवाले, कापडाचे गठ्ठे नेणारे शिंपी, सगळे सायकलवर. आमची गल्ली एका तोंडाला बाजाराला लागते, दुसऱ्या तोंडाला मोठ्या रस्त्याला. पहाटे गुळाच्या लॉऱ्या बाजारात माल टाकून आमच्याच गल्लीतून बाहेर पडायच्या, आणि त्याच वेळी सकाळपाळीचे सायकलवाले. माझा नवरा त्यांतलाच. कारखान्यात फिटर होता. तो गेला की संध्याकाळी घंटी वाजेपर्यंत माझा एक कान रस्त्याकडे असायचा. कुणाला सांगत नव्हते, सांगून काय होणार. पण त्या गल्लीत माणसं पडलेली मी पाहिली होती आणि त्यांतली काही उठली नव्हती.

संध्याकाळी वरचे आमच्या जगलीवर बसायचे. जगली म्हणजे दारातला दगडी कट्टा, आमच्याकडे तेच म्हणतात. तिथं बसून ते येणाऱ्या सायकलवाल्यांचे गुडघे बघायचे. तोंडावर काही दिसत नाही म्हणायचे, भ्यालेल्या माणसाचे गुडघे आत येतात. माझा नवरा येताना दिसला की मला आतमध्ये सांगायचे, वहिनी, आज गुडघे आतच आहेत, कॉफी लवकर ठेवा. हे मात्र त्यांचं बरोबर असायचं. त्या दिवशी नवरा गप्प जेवायचा.

नवऱ्यानंच त्यांना सायकल शिकवायचं मनावर घेतलं. रविवारी मैदानात नेलं. वरचे बसले, दोन हात गेले आणि पडले. नवरा उचलायला धावला तर ते हात वर करून ओरडले, “थांबा, हात लावू नका. बांबू आणा.” आणि पडल्या जागी तसेच पडून राहिले. नवऱ्याला चाकापासून त्यांच्या डोक्यापर्यंत मापायला लावलं. मग उठले, पुन्हा बसले, दुसऱ्या बाजूला पडले, पुन्हा मापायला लावलं. पुढचे रविवार हेच. सायकल आलीच नाही त्यांना, यायला नकोच होती. मैदानात लोक जमायचे, शेंगा खात बघायचे. नवरा कंटाळून म्हणाला, “अहो, चालवायला शिकायचं की पडायला?”

ते कपडे झटकत म्हणाले, चालवायला सगळ्यांना येतं. पडलेल्या माणसाचं डोकं कुठं जातं ते कुणी बघत नाही. ते लॉरीच्या चाकाखाली जातं. सायकलवाल्याला जायला जागा द्यायची, आणि तिच्या बाजूला पडायला जागा द्यायची. दोन्ही मिळून एक रस्ता.

हे त्यांनी कचेरीत काढून दाखवलं. मला तो नकाशा त्यांनी दाखवला होता, मी चौथी शिकलेली, मला त्यात रेघांखेरीज काही दिसलं नाही. त्यांच्या साहेबाला रेघा कळल्या, पण तो म्हणाला, विचार चांगला आहे, पेठेत जागा कुठली? घरं पाडायची का? साहेब तसा वाईट माणूस नव्हता. जागा नाही ही गोष्ट त्याला दिसत होती, कुणालाही दिसली असती. दुसऱ्या दिवशी वरचे बांबू घेऊन आमच्याच गल्लीत उतरले.

जागा होती. आमच्या जगलीला लागून गटार जातं, त्यावर दगडी फरश्या. निम्म्या फुटलेल्या, निम्म्यांवर कुणाची पिंपं, कुणाची पोती, अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांच्या सालींचे ढीग. सायकलवाला तिकडं वळायचाच नाही. वरच्यांनी गटार साफ करायच्या निमित्तानं कचेरीतून गवंडी आणले आणि फरश्या नव्या बसवून घेतल्या. गवंड्यांनी त्या रस्त्याच्या लांबीला लावायला घेतल्या तर यांनी हात धरला. सांध लांबीला आली की सायकलचं चाक तिच्यात जातं. फरशी आडवी पाहिजे. ते सगळं काम त्यांनी पुन्हा करून घेतलं, आणि समोरच्या बाजूलाही तसंच.

फरश्या चांगल्या झाल्या, तरी सायकलवाले मधूनच जायचे, लॉरीच्या बरोबरीनं. असं का, ते त्यांना धनुर्मास लागेपर्यंत कळलं नाही.

धनुर्मासात आमच्याकडे पहाटे उठून दारात मोठ्या रांगोळ्या काढतात. एरवीची चार ठिपक्यांची नाही, दार भरून. आमच्या जगलीपुढं, म्हणजे त्याच फरश्यांवर. एका सकाळी दूधवाला आला, दोन्ही बाजूंना कॅन लावलेले. आमच्या रांगोळीपाशी आला आणि तिला चुकवायला मध्ये वळला. मागून लॉरी होती. ड्रायव्हरनं दाबून ब्रेक लावला म्हणून फक्त खांद्याचं हाड मोडलं. दूध मात्र सगळं गल्लीत. तो उठून बसला आणि सासूबाईंना पहिलं काय म्हणाला, तर अम्मा, रांगोळीला पाय नाही लावला.

सासूबाई खूष झाल्या.

मग वरचे जे म्हणाले त्यानं घरात आग लागली. ते म्हणाले, त्याला लॉरीपुढं आम्ही ढकललं. या रांगोळीनं. मी आतून ऐकत होते, मला वाटलं आज यांचं बिऱ्हाड रस्त्यावर. सासूबाईंनी त्यांच्या सात पिढ्या काढल्या. कानडीत काढल्या, कारण शिव्या द्यायला त्यांना मराठी पुरायचं नाही. वरचे ऐकून घेत होते. हात मात्र सासूबाईंचा पेला आत सरकवत होता.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. आता त्यांचं म्हणणं असं की रांगोळी पुसायची नाही. हलवायची. फरश्या मोकळ्या सोडायच्या आणि रांगोळी त्यांच्या पलीकडे, रस्त्यात काढायची. सायकलवाला रांगोळी तुडवत नाही, म्हणजे तो फरशीवरून जाईल. लॉरीवालाही तुडवत नाही, म्हणजे तो पलीकडून जाईल. मधली रांगोळी ती पडायची जागा. पडलाच कुणी, तर त्याचं डोकं रांगोळीत जाईल, चाकाखाली नाही.

“माझ्या रांगोळीत लोकांची डोकी?” सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. रांगोळी उंबऱ्यापुढं असते, कारण लक्ष्मी उंबऱ्यातून येते. रस्त्यात काढली तर ती कुणाच्या घरात जाईल? बाजारात? गल्लीतल्या सगळ्या बायकांचं हेच. मी सासूबाईंना म्हटलं, तुमचा मुलगा रोज तिथूनच जातो. त्या म्हणाल्या, त्याला देव बघतो. मी म्हटलं, दूधवाल्यालाही देवच बघत होता. त्यावर माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. मला त्याचं काही नव्हतं, चार दिवस शांतता मिळाली. पण रोज पहाटे नवरा फरशीवरची रांगोळी चुकवून मध्ये जायचा आणि मी दारात उभी राहून तो वळणापलीकडे जाईपर्यंत बघायची.

वरच्यांनी वाद घालणं सोडलं. एक दिवस सकाळी सासूबाई रांगोळी काढत असताना बाजूला उकिडवे बसले. सासूबाईंचा हात खरोखर चांगला होता. ठिपक्यांची रांगोळी, आमच्याकडे ठिपक्याला चुक्की म्हणतात, तशी गल्लीत कुणाला येत नव्हती. त्या दिवशी कमळ काढत होत्या आणि कडेच्या पाकळ्या जगलीला अडत होत्या.

“अक्का, कमळ अर्धं राहिलं की,” वरचे म्हणाले.

“जागा कुठं आहे?”

“इथं नाही. तिकडं आहे.” त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. उठून आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी उंबऱ्याशी दोन बोटं रुंदीची एक वेल काढली, लक्ष्मीसाठी, आणि फरश्या ओलांडून रस्त्यात गेल्या. मला म्हणाल्या, स्वल्प पाणी शिंपड इथं. पूर्ण कमळ काढलं. उजाडल्यावर समोरची गौरम्मा दारात आली, तिनं ते पाहिलं, आणि त्याच्या पुढच्या दिवशी तिच्याही दारापुढं रस्त्यात मोर आला. आठवडाभरात गल्लीच्या दोन्ही बाजूंना फरश्या मोकळ्या आणि रांगोळ्यांची रांग बाहेर. फरशीवरची पोतीसुद्धा गेली, कारण रोज तिथं झाडून सडा पडायला लागला आणि सड्यावर पोती कोण ठेवणार. रांगोळ्या दुपारपर्यंत पुसट व्हायच्या, पण तोवर सायकलवाल्यांना वाट पडली होती. संध्याकाळीही तिथूनच यायचे. दूधवाला खांदा बांधून आला तो फरशीवरून.

वरचे त्या दिवसांत बांबू घेऊन फिरलेसुद्धा नाहीत. जगलीवर बसायचे आणि बघायचे. एकदा मला म्हणाले, वहिनी, यांचे गुडघे बघा. मी पाहिले. खरोखर सैल होते. माझ्या नवऱ्याचेही. तो आता घरी येऊन बोलायला लागला होता, कारखान्यातल्या गोष्टी सांगायला लागला होता. मी कान रस्त्याकडे ठेवायचं सोडून दिलं.

इथं चूक झाली, आणि ती आमच्यासारख्यांच्याच हातून होणार.

कमळ पूर्ण काढायला मिळालं की बाई तेवढ्यावर थांबत नाही. सासूबाईंनी कमळाभोवती वेल काढली. गौरम्मानं मोराचा पिसारा वाढवला. आत फरश्या, म्हणजे वाढायचं ते बाहेरच, रस्त्याच्या मध्याकडे. दोन्ही बाजू रोज थोड्या थोड्या जवळ येत गेल्या. मधून लॉरी जायची जागा कमी कमी होत गेली. वरच्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी सासूबाईंना सांगितलं, अक्का, थोडी लहान करा. सासूबाई म्हणाल्या, आधी गौरम्माला सांगा. गौरम्मा म्हणाली, आधी अक्कांना सांगा. त्यांनी जोर धरला नाही. भीती ही की रागावून बायका रांगोळी परत उंबऱ्यावर नेतील. बाकी कुणाला ते भीत नसत, साहेबालाही नाही. रांगोळीवाल्या बायकांना भ्याले.

वैकुंठ एकादशी आली. त्या दिवशी तर विचारायलाच नको. दोन्ही बाजूंच्या बायका मिणमिणत्या दिव्यात बसून होत्या, आणि उजाडलं तेव्हा मध्ये एक हातगाडी जाईल एवढीच वाट उरली होती.

माझा नवरा सायकल काढून फरशीवर चढला. मागून लॉरी आली. त्यानं वळून पाहिलं नाही. का पाहील? तो फरशीवर होता. पंधरा दिवस सगळ्या लॉऱ्या पलीकडून जात होत्या.

ड्रायव्हर सज्जन होता. लॉरीच्या पुढं झेंडूची माळ, कपाळाला गंध. एकादशीच्या दिवशी रांगोळी तुडवायची त्याची हिंमत झाली नाही. मधून जागा नाही, म्हणून त्यानं सासूबाईंचं कमळ दोन चाकांच्या मध्ये घेतलं. उजवी चाकं मधल्या वाटेवर आणि डावी चाकं फरशीवर. रांगोळीला धक्का लागू नये म्हणून हळू, जपून चालवत होता. नजर खाली कमळावर. समोर सायकल आहे हे त्याला दिसलंच नाही.

मी दारात होते. मला दिसलं, आणि मी ओरडले की नाही मला आठवत नाही. वरचे जगलीवर कॉफी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला. काठावर ठेवला, हे मी पाहिलं, एरवी त्यांच्या हातून ते होणारच नव्हतं. भिंतीला टेकलेला बांबू उचलला, आडवा धरला आणि माझ्या नवऱ्याला कुशीत लावून ढकललं. जसं पेल्याला ढकलायचे तसं, आत, मधल्या बाजूला. नवरा सायकलवरून उडाला आणि रांगोळीत पडला. सायकल फरशीवर राहिली. बांबूच्या जोरानं वरच्यांचा तोल गेला आणि तेही फरशीवर उतरले. लॉरीचं डावं चाक सायकलवर चढलं, खालची फरशी फुटली, चाक गटारात गेलं आणि लॉरी आमच्या जगलीवर येऊन टेकली.

मग ते सगळं, जे मी सुरुवातीला सांगितलं.

लोक धावले. सासूबाई पुढं झाल्या, हातातली वाटी फेकली आणि रांगोळी तुडवत लॉरीपाशी गेल्या. गुडघ्यांवर बसल्या आणि खाली हात घालून मुलाचे पाय ओढायला लागल्या. हमालांनी त्यांना बाजूला केलं. नवऱ्याला बाहेर काढलं. वरच्यांचा पाय सोडवायला फार वेळ लागला, लॉरी उचलावी लागली. तेवढ्या वेळात ते एकच विचारत होते, “पडला कुठं? डोकं कुठं होतं?” मी सांगितलं, कमळात. तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं गेले.

त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. मी इस्पितळात डबा घेऊन गेले तर मला म्हणाले, “वहिनी, माझी चूक झाली. रांगोळीवर रस्ता बांधला.”

मी म्हटलं, चूक कुणाची ते राहू द्या. लॉरी पुन्हा फरशीवर चढणार नाही असं काय करायचं ते सांगा.

ते म्हणाले, दगड. फरशी सुरू होते तिथं आणि मध्ये मध्ये. लॉरीला अडेल एवढा मोठा, आणि दगड नि जगली यांच्यामध्ये बांबू आडवा मावला पाहिजे. जास्त नको.

कचेरीला कळवून दगड यायचे तेव्हा आले असते. सासूबाईंनी वाट पाहिली नाही. मागच्या अंगणात त्यांचा झिजलेला, पीठ वाटायचा दगडी रगडा पडून होता, त्यांच्या सासूनं आणलेला, त्याला त्या कुणाला हात लावू देत नसत. तो दोन हमालांकडून लोटत आणून फरशीच्या तोंडाशी उभा केला. गौरम्मानं तिचा दिला. मी बांबू घेऊन उभी होते आणि हमालांना सांगत होते, अजून आत, अजून थोडा. एक हमाल ओळखीचा होता, बाजारात वरच्यांना वेडा म्हणणारा. तो म्हणाला, अक्का, आता तुमच्याकडे आला का हा बांबू? मी म्हटलं, बोलू नको, दगड सरकव.

रांगोळ्या राहिल्या. लहान झाल्या. सासूबाईंनी स्वतःहून लहान केली, आणि गौरम्मानं त्यांच्याआधी लहान केली असं ती सांगायची. पुढं कचेरीनं रगडे काढून घडीव दगडाचे खांब बसवले. बाहेरून येणारे विचारत, हे खांब एवढ्या बेताच्या अंतरावर कुणी लावले. सायकल जाते, कोपरं लागत नाहीत, हातगाडी अडते. कुणाला सांगत बसायचं.

वरच्यांना जिना चढवेना. सासूबाईंनी त्यांना खालची रस्त्याकडची खोली दिली आणि स्वतः माडीवर गेल्या. तरी आम्ही त्यांना वरचेच म्हणत राहिलो. लाकडी पाय लावून पुढं बरीच वर्षं कचेरीत गेले. सायकल कधीच आली नाही. जगलीवर बसायचे, लोकांचे गुडघे बघायचे आणि मी ठेवलेला पेला आत सरकवायचे. एकदा मीच चिडून म्हटलं, अहो, त्या दिवशी तुम्ही स्वतः काठाला ठेवला होता. ते म्हणाले, “हो की. पडला नाही ना?”

मी आठवून पाहिलं. लॉरी जगलीवर आदळली तेव्हा पेला पडला की नाही, ते मला खरोखर माहीत नाही. त्यानंतर पेल्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

असल्या गोष्टीत कुणीतरी मेलं पाहिजे असं ऐकणाऱ्यांना वाटतं. त्यांची तोंडं तशी होतात, मी बघते. त्या सकाळी ड्रायव्हर चुकला, सासूबाई चुकल्या, वरचे चुकले, आणि मागं न बघणारा माझा नवराही चुकला. ड्रायव्हरला पाणी मारून उठवलं. वरचे एका पायानं उठले. माझा नवरा पांढरे केस घेऊन उठून बसला, आणि ते केस पुढं खरोखर पांढरे होईपर्यंत त्याच फरशीवरून जात राहिला.

तिघंही जगले.